पिंपळगावला सगळ्यात शेवटी विचारलं

नाशिकमधल्या दोन सीए फर्म्स एक व्हायला निघाल्या होत्या. करारपत्राचा आठवा मसुदा तयार होता, मुद्रांक कागद आणायचा तेवढा बाकी होता, आणि आमच्याच एका भागीदाराने "मी येत नाही" असं सांगितलं. त्या प्रसंगाची ही नोंद आहे. मी त्या दोनपैकी जुन्या फर्मचा भागीदार. माणसांची आणि फर्म्सची नावं देत नाही, कारण यातले सगळे आजही याच शहरात, याच जिल्ह्यात काम करतात. पण झालं ते जसंच्या तसं सांगतो. अशा बोलण्या सध्या गावोगाव चालू आहेत आणि आम्ही केलेली चूक सहज होण्यासारखी आहे.

आम्ही कोण होतो

आमची फर्म रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर. मोठ्या सरांनी ती १९७९ मध्ये सुरू केली. मेन रोडचे कापडवाले, सराफ बाजारातली दुकानं, काही पतसंस्था, पुढे सातपूर-अंबडच्या वर्कशॉपवाल्यांची कामं. मी त्यांच्याकडे आर्टिकल म्हणजे शिकाऊ सीए म्हणून आलो आणि तिथेच राहिलो. भागीदार चार: मोठे सर, मी, एक तरुण भागीदार आणि पिंपळगाव बसवंतचं ऑफिस सांभाळणारे आमचे सर. ते मोठ्या सरांचे अगदी पहिल्या बॅचचे आर्टिकल. परीक्षा पास झाल्यावर मोठ्या सरांनीच त्यांना गावी पाठवलं. "तिकडे द्राक्षबागा वाढतायत, तू तिकडचाच आहेस, ऑफिस टाक," असं म्हणून.

पिंपळगावच्या ऑफिसचं काम शहरातल्यापेक्षा वेगळं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी बागायतदाराला बँकेच्या कर्जासाठी, मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी, कोल्ड स्टोरेजच्या अनुदानासाठी हिशेब नीट लागतात. मग निर्यातदार, पॅकहाउसवाले, बेदाण्याचे व्यापारी, लासलगावकडचे कांदा व्यापारी. यातले निम्मे लोक सरांच्या टेबलापाशी बसून आधी छाटणीचं बोलतात, पावसाचं बोलतात आणि उठता उठता नोटीस काढून दाखवतात.

दुसरी फर्म कॉलेज रोडची. पाच भागीदार, सगळे माझ्याहून लहान. जीएसटीची अपिलं, सिस्टिम ऑडिट, वायनरी आणि निर्यातदारांची कामं. हुशार माणसं, आणि सरळ.

एकत्र का यायचं होतं

कारणं खरी होती. कंपनी कायदा २०१३ आल्यापासून ठरावीक वर्गातल्या कंपन्यांना एकच ऑडिट फर्म सलग दहा वर्षांहून जास्त ठेवता येत नाही. काम जातं, नवं मिळवावं लागतं, आणि नवं काम देणारा आधी विचारतो, "भागीदार किती?" एप्रिल २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँका, नागरी सहकारी बँका आणि वित्तीय कंपन्यांच्या लेखापरीक्षकांसाठी नवे निकष आणले: पूर्णवेळ भागीदार किती, त्यात एफसीए म्हणजे 'फेलो' दर्जाचे सीए किती, माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षणाची पात्रता कुणाकडे, अनुभव किती वर्षांचा. आमच्याकडे वर्षं होती, पात्र माणसं कमी. कॉलेज रोडकडे माणसं होती, वर्षं कमी. दोन अर्धवट पाट्या जोडल्या की एक पूर्ण होत होती.

दुसरं कारण आर्टिकल्सचं. चांगली मुलं पुण्या-मुंबईच्या मोठ्या नावांकडे जातात. त्यांना दोष देता येत नाही. पण सप्टेंबर महिन्यात टॅक्स ऑडिटच्या फायलींचा ढीग पडलेला असताना रात्री अकराला तपासायला कुणी नसतं, तेव्हा त्याची किंमत कळते.

बोलणी

दिवाळीनंतर सुरुवात झाली. आमच्याकडून मोठे सर आणि मी, त्यांच्याकडून दोघं. सात-आठ महिने आम्ही चौघं बोललो. नफ्याची वाटणी, जागा, सॉफ्टवेअर, आर्टिकलचं विद्यावेतन, कुणाची सही कुठे. सगळ्यात जास्त वेळ नावावर गेला. आमचं नाव पुढे की त्यांचं, की दोन्हीतली अक्षरं घेऊन तिसरंच? यावर चार बैठका गेल्या. आज मागे वळून बघताना त्या चार बैठकांचं वाईट वाटतं.

पिंपळगावचे सर एका बैठकीला आले, तेही हंगामाच्या ऐन गर्दीत, अर्ध्या तासासाठी. बाकी सगळं आम्ही त्यांना फोनवर कळवत होतो. कळवत होतो, विचारत नव्हतो. "ते आपलेच आहेत, ते कुठे जातील," हे वाक्य मी स्वतः कॉलेज रोडवाल्यांना सांगितलं आहे.

फी रजिस्टर काढलं तेव्हा खरं म्हणजे डोळे उघडायला हवे होते. एकूण फीपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा पिंपळगावचा होता. आम्ही तो आकडा विलीनीकरणाच्या तक्त्यात आमच्या बाजूला लिहिला आणि पुढच्या ओळीवर गेलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मसुदा वाचायला ते वाड्यावर आले. पाऊस नुकता सुरू झाला होता, जिन्यावर ओल्या चपलांचे ठसे होते. त्यांनी पानं एकेक करून वाचली. ज्या कलमात "सर्व अशील हे एकत्रित फर्मचे राहतील" असं होतं, तिथे त्यांनी पेनाचं टोपण ठेवलं.

"सर, सगळं बरोबर लिहिलंय. पण मी येत नाही."

मोठे सर म्हणाले, "अरे, काय खुपलं ते तर सांग."

"माझा एक निर्यातदार आणि यांचा एक निर्यातदार एकाच शिवारातले आहेत. दोघांचा माल एकाच देशात जातो. कधी कधी एकाच खरेदीदाराकडे जातो. माझ्या माणसाचा दर उद्या यांच्या आर्टिकलच्या स्क्रीनवर दिसणार. मी त्याला काय सांगू?" मग थोडं थांबून म्हणाले, "आणि माझ्याकडे येणारा माणूस बोर्ड वाचून येत नाही, सर. तुम्ही आठ महिने बोर्डावर बोललात."

त्यानंतर कुणी चहाला हात लावला नाही.

ते गेल्यावर मोठे सर बराच वेळ खिडकीशी उभे होते. मग मला म्हणाले, "ज्यांनी जगभर फर्म्स जोडल्या, त्यांच्याही घरात असं झालंच असेल. त्यांनी काय केलं ते बघ. मग ठरवू."

डेलॉइटकडे का वळलो

जगातल्या चार सगळ्यात मोठ्या ऑडिट फर्म्सपैकी कुणाचाही इतिहास घेतला तरी तो विलीनीकरणांचाच आहे. मी डेलॉइट निवडली, कारण आमचा पेच जसाच्या तसा तिथे सापडला. फक्त तिथे 'यायचं नाही' म्हणणारं ऑफिस पिंपळगाव नव्हतं. ते लंडन होतं.

मुळापासून सांगतो. विल्यम वेल्च डेलॉइट हा मुलगा पंधराव्या वर्षी लंडनच्या दिवाळखोरी न्यायालयात सरकारी अधिकाऱ्याच्या हाताखाली कामाला लागला. बुडालेल्या पेढ्यांची खाती वाचून तो शिकला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धंदा कसा चालतो हे शिकण्याआधी तो कसा बुडतो, पाणी कुठे मुरतं, हे त्याने कागदावर पाहिलं. १८४५ मध्ये त्याने स्वतःची पेढी काढली, तीही त्याच न्यायालयासमोर, बेसिंगहॉल स्ट्रीटवर. काम समोरच्या दारातून येणार हे त्याला माहीत होतं. आपल्याकडे तहसील कचेरीसमोर दस्तलेखक बसतात, त्यातलाच हा हिशेब.

चार वर्षांनी, १८४९ मध्ये, ग्रेट वेस्टर्न रेल्वेने त्याला हिशेब तपासायला नेमलं. बाहेरचा, कंपनीशी हितसंबंध नसलेला लेखापरीक्षक नेमण्याचं हे सुरुवातीचं मोठं उदाहरण मानतात. बोरीबंदर ते ठाणे आपली पहिली गाडी १८५३ ला धावली, म्हणजे त्याच्याही चार वर्षं आधीची ही गोष्ट. रेल्वे हा त्या काळचा सगळ्यात जास्त पैसा खाणारा धंदा. हजारो लोकांनी शेअर घेतलेले आणि पैसा कुठे गेला हे कळायला मार्ग नाही. १८५६ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेत लिओपोल्ड रेडपाथ या कर्मचाऱ्याने शेअरच्या नोंदींत केलेला मोठा अपहार उघडकीला आला. त्याचा तपास डेलॉइटकडेच होता. पुढे फर्मने न्यूयॉर्कलाही ऑफिस काढलं. १८८८ मध्ये इंग्लंडच्या चार्टर्ड अकाउंटंट्स संस्थेचं अध्यक्षपद विल्यम डेलॉइटकडे आलं.

अमेरिकेत त्याच सुमारास दुसरा धागा सुरू झाला. चार्ल्स वॉल्डो हॅस्किन्स आणि एलाय्जा वॉट सेल्स हे दोघे अमेरिकी सरकारच्या हिशेब पद्धतीची पाहणी करणाऱ्या डॉकरी आयोगाच्या कामावर भेटले आणि १८९५ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी हॅस्किन्स अँड सेल्स काढली. तिसरा धागा जॉर्ज टच या स्कॉटिश माणसाचा. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी लंडनला पेढी काढली. लोक आडनावाचा उच्चार चुकवतात म्हणून त्याने स्पेलिंगच बदललं आणि 'टूश' झाला. आमच्या चार बैठका नावावर गेल्या होत्या, म्हणून हे वाचताना मी थांबलो. नावाचा हट्ट जुना आहे आणि समजण्यासारखाही आहे. टूशच्या फर्मला पुढे कॅनडाची रॉस जोडली गेली, १९६९ पासून नाव टूश रॉस. जपानमधली नोबुझो तोहमात्सू यांची फर्म १९७५ मध्ये टूश रॉसच्या गटात आली.

डेलॉइट आणि हॅस्किन्स अँड सेल्स यांचं १९५२ मध्ये जमलं. तरी जगभर एकच नाव, डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्स, हे १९७८ मध्ये आलं. करार आणि एक पाटी यांत सव्वीस वर्षांचं अंतर. घाईने पाटी बदलणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

१९८९

ऐंशीच्या दशकात या धंद्यात आठ मोठ्या फर्म्स होत्या, त्यांना 'बिग एट' म्हणत. अशील कंपन्या एकमेकींना गिळत होत्या. दोन कंपन्या एक झाल्या की दोनपैकी एका ऑडिटरचं काम जायचं. फीवर दबाव होता. जगभर ऑफिसं हवीत, संगणकावर खर्च हवा, सल्लागाराचं काम हवं. १९८७ मध्ये पीट मार्विक आणि क्लिनवेल्ड मेन गोर्डेलर एक होऊन केपीएमजी झाली, आणि बाकीच्यांना आपण लहान पडणार याची धास्ती लागली. डेलॉइटने त्याआधी १९८४ मध्ये प्राइस वॉटरहाउसशी बोलणी केली होती. ती भागीदारांच्या मतदानात फिसकटली.

१९८९ मध्ये अर्न्स्ट अँड विनी आणि आर्थर यंग एक झाल्या. त्याच वर्षी डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्स आणि टूश रॉस यांनीही एकत्र यायचं ठरवलं. आठाच्या सहा झाल्या.

इथे आमच्या पिंपळगावच्या सरांचा मुद्दा समोर येतो. डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्सकडे जनरल मोटर्सचं ऑडिट होतं, टूश रॉसकडे क्रायस्लरचं. मोटारींच्या बाजारातले दोन कट्टर प्रतिस्पर्धी, आणि उद्यापासून दोघांचा हिशेब एकाच फर्मकडे. तरी दोन्ही कामं नव्या फर्मकडे राहिली. वेगळ्या टीम, वेगळे कागद, वेगळे भागीदार ठेवून हे निभावता येतं, हे तिथे दिसतं. पण ते निभावायला माणसांचं बळ लागतं. डेट्रॉइटचा भागीदार आणि न्यूयॉर्कचा भागीदार दोन वेगळ्या इमारतींत बसतात. आमच्याकडे एकच हॉल, एकच सर्व्हर आणि एकच मुलगी, जी सकाळी एकाचं बँक रिकन्सिलिएशन करते आणि दुपारी दुसऱ्याचं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ब्रिटनमधल्या डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्सच्या भागीदारांनी टूश रॉसबरोबर जायला नकार दिला. ते प्रतिस्पर्धी कूपर्स अँड लायब्रँडकडे गेले. इतर काही देशांतही ठिकाणच्या फर्म्सनी वेगळी वाट धरली. हे होऊ शकलं, कारण असली जागतिक फर्म म्हणजे एक कंपनी नसते. प्रत्येक देशातली फर्म तिथल्या भागीदारांच्या मालकीची, कायद्याने स्वतंत्र. वरचं नाव हे करारावर चालतं. मुख्य ऑफिस हुकूम सोडू शकत नाही. प्रत्येक ठिकाणी मतदान घ्यावं लागतं आणि नकार आला तर तो गिळावा लागतो.

परिणाम असा झाला की ज्या गावात विल्यम डेलॉइटने पेढी काढली, त्याच गावात त्याचं नाव प्रतिस्पर्ध्याच्या पाटीवर गेलं: कूपर्स अँड लायब्रँड डेलॉइट. नव्या जागतिक गटाने सुरुवातीला डीआरटी इंटरनॅशनल असं नाव घेतलं, डेलॉइट, रॉस, तोहमात्सू यांची आद्याक्षरं जोडून. ब्रिटनमध्ये त्यांची फर्म टूश रॉस याच नावाने चालली. कूपर्सने १९९२ मध्ये डेलॉइट हा शब्द पाटीवरून काढला. १९९३ मध्ये जागतिक गट डेलॉइट टूश तोहमात्सू झाला, आणि ब्रिटनच्या टूश रॉसने डेलॉइट अँड टूश हे नाव घेतलं ते १९९६ मध्ये. सात वर्षं गेली.

कूपर्स अँड लायब्रँड पुढे १९९८ मध्ये प्राइस वॉटरहाउसशी जोडली गेली. म्हणजे १८४५ च्या त्या पेढीचा लंडनमधला थेट वारसा आज प्राइसवॉटरहाउसकूपर्समध्ये आहे, आणि डेलॉइट हे नाव ज्यांच्या दारावर आहे ते तिथल्या टूश रॉसचे वारस. हे मी मोठ्या सरांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मला परत एकदा वाचायला लावलं.

नंतरचं थोडक्यात. २००२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या हिशेब घोटाळ्यात तिची ऑडिटर, आर्थर अँडरसन ही मोठी फर्म, कोसळली आणि तिच्या ब्रिटनमधल्या कामाचा मोठा भाग डेलॉइटकडे आला. बाकीच्या मोठ्या फर्म्स सल्लागार विभाग विकत किंवा वेगळा करत होत्या. डेलॉइटनेही तशी घोषणा केली होती, पण २००३ मध्ये ती मागे घेतली आणि विभाग घरातच ठेवला. आज तिच्या जाळ्यात साडेचार लाखांहून जास्त माणसं आहेत. आपल्याकडे ए. एफ. फर्ग्युसन, सी. सी. चोक्सी, एस. बी. बिलिमोरिया, फ्रेझर अँड रॉस अशा जुन्या भारतीय फर्म्स या जाळ्यात आल्या. मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालात ऑडिटरच्या सहीवर आजही 'डेलॉइट हॅस्किन्स अँड सेल्स एलएलपी' असं दिसतं. अमेरिकेत ज्या दोघांची नावं पाटीवरून केव्हाच गेली, ती आपल्या अहवालांत रोज छापली जातात.

पुन्हा वाड्यावर

तुलनेला मर्यादा आहे हे मला कळतं. त्यांचे भागीदार हजारोंनी, आमचे चार. पण भागीदारी करारपत्राचा स्वभाव दोन्हीकडे एकच: हिस्सा लिहिता येतो, माणूस लिहिता येत नाही.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, पिंपळगावच्या सरांवर जुन्या करारपत्राचा जोर लावायचा. त्यात निवृत्त होणाऱ्या भागीदाराने फर्मचे अशील नेऊ नयेत असं एक कलम होतं, १९९० च्या दशकात कुणाच्या तरी नमुन्यावरून उतरवलेलं. कॉलेज रोडच्या एका भागीदाराने ते दाखवलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याच्या बाजूने तो हिशेब बरोबर होता. मोठे सर म्हणाले, "हे कलम मी त्याच्यासाठी लिहिलं नव्हतं," आणि विषय संपला.

दुसरी वाट थांबायची. पण कॉलेज रोडवाल्यांनी आमच्या भरवशावर दुसरी एक बोलणी सोडली होती. त्यांना लटकत ठेवणं योग्य नव्हतं.

तिसरी वाट लंडनची. ज्याला यायचं नाही त्याला त्याच्या फायलींसह जाऊ द्यायचं आणि उरलेल्यांनी पुढे जायचं. आम्ही ती घेतली. पिंपळगावचे सर विलीनीकरणाआधी आमच्या फर्ममधून निवृत्त झाले आणि त्यांनी स्वतःच्या नावाने फर्म नोंदवली. जुनी फर्म, तिचा नोंदणी क्रमांक आणि १९७९ चं वर्ष विलीनीकरणात आलं, कारण बँकांच्या निकषांसाठी तेच लागत होतं. म्हणजे त्यांचा तोटा झाला. चाळीस वर्षांच्या कामाला एकदम नवा क्रमांक. त्याबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. मला आजही ते टोचतं.

आमचाही तोटा झाला. फीचा तिसरा हिस्सा गेल्यावर कॉलेज रोडने नफ्याची वाटणी पुन्हा मांडायला सांगितली, आणि ते रास्तच होतं. मोठ्या सरांनी कपात स्वतःच्या हिश्श्यातून दिली, माझ्या आणि तरुण भागीदाराच्या हिश्श्याला हात लावू दिला नाही. भागीदारांची संख्या मात्र आठ भरत होती, निकषांना पुरेशी.

नावाचा प्रश्न मग एका दुपारी पंधरा मिनिटांत सुटला. कॉलेज रोडचं नाव ठेवलं. चार बैठकांत न सुटलेली गोष्ट अशी सुटली, कारण तोवर आम्हा सगळ्यांना कळलं होतं की भांडण भलत्याच गोष्टीवर चाललं होतं.

एक कलम मी आग्रहाने घालून घेतलं. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या अशिलांची यादी दर एप्रिलमध्ये भागीदारांसमोर ठेवायची, त्यांच्या फायली वेगळ्या भागीदाराकडे, वेगळ्या लॉगिनमध्ये, आणि अशिलाला ते आधी लेखी कळवायचं. त्या निर्यातदाराच्या भीतीचं उत्तर आम्ही वेळेत तयार ठेवलं असतं, तर पिंपळगावच्या सरांना सांगायला काहीतरी हाती असतं. ते आले असते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण विचारताना आमचे हात रिकामे नसते.

पत्रं

आमच्या व्यवसायाचा एक नियम आहे. दुसऱ्या सीएने केलेलं ऑडिट स्वीकारण्याआधी त्याला लेखी कळवावं लागतं. पिंपळगावचे जे अशील सरांबरोबर गेले, त्यांच्या ऑडिटवर आजवर आमच्या फर्मचं नाव होतं. त्यामुळे प्रत्येक फाईलसाठी सरांना आम्हालाच पत्र लिहावं लागलं: 'महोदय, अमुक यांनी आम्हाला लेखापरीक्षक नेमलं आहे, आपली काही व्यावसायिक हरकत असल्यास कळवावी.'

ती पत्रं ऑगस्टमध्ये यायला लागली. ईमेलने पाठवली असती तरी चाललं असतं, पण सरांनी सगळी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली, शिकवलं होतं तशी. पोस्टमन रोज सात-आठ पाकिटं आणायचा. आमच्या ऑफिसमधले शिपाईकाका तीस वर्षांपासून आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी पाकिटावरचं नाव वाचलं आणि पाकीट न उघडताच माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मग पुढची सगळी तशीच.

उत्तरांचा एक नमुना मी टाईप करून ठेवला होता. मोठ्या सरांनी तो बाजूला सारला. एकेक पत्र वाचून, अशिलाचं नाव बघून ते खाली हाताने लिहायचे. एकाच्या खाली लिहिलं, "हरकत नाही. याच्या वडिलांची १९९४ ची केस अपिलात आहे, फाईल आपल्याकडे आहे, पाठवतो." दुसऱ्याच्या खाली, "हरकत नाही. याचा क्लोजिंग स्टॉक स्वतः जाऊन बघ, मागच्या वर्षी फोटोवर भागवलं होतं." सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हे चाललं.

शेवटचं पत्र त्या निर्यातदाराचं होतं, ज्याच्यावरून सगळं अडलं होतं. मोठ्या सरांनी "हरकत नाही" एवढंच लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग पेन खाली ठेवून मला म्हणाले, "हे पोस्टाने नको. उद्या गाडी काढ, आपण पिंपळगावला जाऊन देऊ. आणि त्याच्या नव्या नोंदणी क्रमांकाचं काय ते एकदा विचारू त्याला, त्याच्या टेबलाशी बसून."

आम्ही गेलो. अडीच तास बसलो. पाऊस लांबल्यामुळे द्राक्षाची गोडी छाटणी पुढे गेली होती, त्यावर पहिला तास गेला. मग सरांनी ड्रॉवर उघडून आमच्या जुन्या फर्मचा रबरी शिक्का काढला, मोठ्या सरांपुढे ठेवला आणि म्हणाले, "हा तुमच्याकडे जमा करायचा राहिला होता." मोठ्या सरांनी तो उचलला नाही. तो आजही पिंपळगावच्याच ड्रॉवरमध्ये आहे. तो नियमाप्रमाणे रद्द करून नोंद करायला हवी, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.